थेंब खाली, दोष वर: जुन्या ट्रॅक्टरच्या ऑईल गळतीचा आढावा

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगाव, मोहाडी, तुमसर या पट्ट्यात जुना ट्रॅक्टर बघायला गेलेला माणूस आधी टायर बघतो, मग मीटरवरचे तास, आणि मग वाकून इंजिनाच्या पोटाकडे नजर टाकतो. पोट ओले दिसले की भाव पाडायला निमित्त मिळते. विकणाऱ्याचे उत्तर ठरलेले असते: "जुनी गाडी आहे भाऊ, थोडं ऑईल मारणारच." निमित्त खोटे नसते आणि उत्तरही पुरते खोटे नसते. पण थोडे म्हणजे किती, ते येते कुठून, आणि थांबवायला एक वॉशर पुरेल की ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल, या प्रश्नांवर मिस्त्री, पार्टवाले आणि ट्रॅक्टरमालक यांची मते जुळत नाहीत. ती मते एका जागी ठेवून तपासावीत म्हणून हा आढावा. माझा कल आधीच सांगून टाकतो. थेंब जिथे पडतो तिथे दोष क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा वर असतो, आणि पुष्कळदा मागच्या हंगामातला असतो.

आंधळगावचे नाव बाहेर जाते ते कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडामुळे. शिवार मात्र धानाचे. पावसाळी धान सगळीकडे, आणि जिथे बावनथडी प्रकल्पाचे किंवा बोअरचे पाणी आहे तिथे उन्हाळी धानही. म्हणजे अशा शेतात ट्रॅक्टरला वर्षातून दोनदा चिखलणी आणि दोनदा चुरणा, म्हणजे मळणी. चिखलणीत केजव्हील लावून पोटापर्यंत चिखल, चुरण्यात तासन्‌तास एकाच जागी उभे राहून तुसाचा धुरळा. मधल्या दिवसांत ट्रॉली. कापसाच्या काळ्या रानात नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा हे आयुष्य वेगळे आहे आणि त्याच्या गळतीची कारणेही थोडी वेगळी आहेत. शहरी मिस्त्रीचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, तो यामुळेच.

जुने ट्रॅक्टर म्हणजे तरी कोणते? महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत १९६३ साली कंपनी काढली आणि १९६५ पासून बी-२७५ बाहेर पडू लागला. त्याचीच पुढची पिढी आज विदर्भात सर्वत्र दिसते, आणि नागपूरजवळ हिंगण्याला महिंद्राचा कारखाना असल्याने तिचे पार्ट मिळायला अडचण नाही. मद्रासच्या टॅफेचा मॅसी १०३५, ज्याचे सिम्प्सन इंजिन मूळच्या ब्रिटिश पर्किन्सच्या घराण्यातले. दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या आराखड्यावरून १९७४ साली आलेला स्वराज, ज्यातल्या अनेकांच्या बॉनेटखाली पुण्याच्या किर्लोस्करचे इंजिन असते. आयशरचा एक सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा २४१. एस्कॉर्ट्सचा फोर्ड. आणि झेटरच्या आराखड्यावरून पिंजोरला तयार होणारा एचएमटी, ज्याचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला.

ही वंशावळ सांगायचे कारण असे की या इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला ऑईल अडवायची पद्धत एकसारखी नाही. कुणात रबरी ओठाचे गोल सील असते, कुणात दोरीचे सील असते, तर काही जुन्या इंजिनांत क्रँकवर उलटी आटी कापलेली असते आणि ती फिरताना ऑईल आत परत ढकलते. तिसऱ्या प्रकारात बदलायला सीलच नसते. "मागचं सील गेलं" हे वाक्य सगळ्या ट्रॅक्टरांना सरसकट लावणाऱ्या मिस्त्रीला आधी आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे ते विचारावे.

आता मूळ प्रश्नाकडे. ऑईल बाहेर पडायला दोन गोष्टी लागतात: फट आणि रेटा. गावातली बहुतेक दुरुस्ती फटीची होते. पॅकिंग बदलले, सिलिकॉन लावले, बोल्ट आवळले. रेट्याकडे बघणारे थोडे. पिस्टनच्या रिंगांना डावलून थोडा वायू खाली ऑईलच्या चेंबरमध्ये येतोच, नव्या इंजिनातही येतो. तो बाहेर सोडायला ब्रीदर असतो, म्हणजे जाळी किंवा तारेचा बोळा भरलेली एक डबी किंवा नळी. कधी टॅपेट कव्हरवर, कधी इंजिनाच्या कुशीत. ही जाळी तुसाच्या भुकटीने आणि ऑईलच्या काजळीने बुजली की आतल्या वायूला वाट उरत नाही आणि तो ऑईलला जिथे मिळेल तिथून बाहेर रेटतो: पुढच्या सीलमधून, डिपस्टिकच्या नळीतून, मागून. अशा वेळी नवे सील बसवले तर तेही आठ दिवसांत ओलावते, आणि मग "पार्ट डुप्लिकेट निघाला" म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात. ब्रीदर काढून डिझेलमध्ये बुडवणे, घासणे आणि वाळवून परत बसवणे या कामाला पाऊण तास पुरतो. पार्ट लागत नाही. तरीही गळतीवरचा हा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे, कदाचित त्यात कुणाला कमाई नाही म्हणून.

ब्रीदर मोकळा करूनही रेटा राहतो का, ते बघायची जुनी रीत आहे. इंजिन गरम करून मंद चालू ठेवायचे आणि ऑईल भरायचे झाकण उघडायचे. हलकी वाफ आली तर ठीक. धुराचे झटके येऊ लागले, झाकण तोंडावर ठेवले तर नाचू लागले, तर रिंग-लायनर झिजले. मिस्त्री याला इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते म्हणतात. इथून पुढे बाहेरच्या पॅकिंगवर खर्च करण्यात अर्थ नाही. रिंग-लायनर बदलून हाफ इंजिन करायचे की अजून एक हंगाम काढायचा, हा विचार करायला हवा.

रिंगा झिजतात कशाने? या भागात त्याचे मोठे कारण चुरण्याचा धुरळा. जुन्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर ऑईलचा असतो. खालच्या वाटीत खुणेपर्यंत ऑईल हवे, ते रोज बघायला हवे आणि गढूळ झाले की बदलायला हवे. मळणी यंत्रावर ट्रॅक्टर उभा असताना तो तुसाच्या ढगातच श्वास घेतो, आणि वाटी चिखलाने भरली की धूळ सरळ सिलिंडरमध्ये. वाटीपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज चिरला असेल तर क्लीनर असून नसल्यासारखा. त्या धुळीने लायनर खाल्ला, रिंगा सैल पडल्या, चेंबरात दाब वाढला, आणि आषाढात चिखलणीच्या वेळी मागून ऑईल ठिबकू लागले. मालकाला वाटते चिखलणीने सील गेले. खरे दुखणे मागच्या चुरण्यात लागलेले असते.

गळती शोधायची तर पहिली पायरी धुणे. याला पर्याय नाही. वर्षानुवर्षांच्या तेलकट मातीच्या थरावरून कुणीही काहीही सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर तो अंदाज आहे. रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने थर सोडवावा, खरवडावा, मग पाण्याने धुवावा. इंजिन थंड असताना. तापलेल्या डिझेल पंपावर थंड पाण्याचा फवारा मारला तर पंप जाम होऊ शकतो. डायनॅमो आणि स्टार्टरवर पिशवी बांधावी. आणि हे धुणे तलावाच्या किंवा बोडीच्या काठावर करू नये. भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव मासे आणि धान दोन्ही पोसतात, तिथे काळ्या तेलाचा तवंग कशाला? धुऊन वाळले की संशयित जागांवर खडूची पूड किंवा पावडर मारावी, इंजिन वीस-पंचवीस मिनिटे चालवावे आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघावे. पांढऱ्या पुडीत पहिला काळा ओघळ जिथे सुरू होतो, ती जागा खरी. खालून वर बघणारा फसतो, कारण ऑईल उताराने खाली आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे जाते. टॅपेट कव्हरमधून निघालेला ओघळ ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यावरून उतरून बेल हाउसिंगपाशी ठिबकतो आणि बिचाऱ्या मागच्या सीलवर आळ येतो.

टॅपेट कव्हर हे गळतीचे सर्वांत साधे आणि सर्वांत बिघडवलेले ठिकाण. पत्र्याचे कव्हर, खाली कॉर्कचे पॅकिंग. ओलावा दिसला की पाना लावून आवळायचे, पुन्हा दिसला की पुन्हा आवळायचे. असे करता करता बोल्टच्या भोवतीचा पत्रा खाली वाकतो, कॉर्क तिथे चिरडतो आणि दोन बोल्टांच्या मधे कव्हर उचलून धरले जाते. आता कितीही आवळा, मधून गळणारच. उपाय असा: कव्हर काढा, काचेवर किंवा सपाट लाकडावर उपडे ठेवून फटी बघा, वाकलेल्या भोकांच्या कडा व्हाइसवर टेकवून हलक्या हातोडीने ठोकून सपाट करा. दुकानात वर्षभर टांगलेले कॉर्कचे पॅकिंग वाळून आखडलेले असते आणि भोके जुळत नाहीत. ते ओढून बसवले तर फाटते. थोडा वेळ पाण्यात भिजवले तर मूळ मापाला येते. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, हाताने टेकेपर्यंत आणि मग लहान पान्याने थोडे. कॉर्क दाबायचा असतो, चिरडायचा नसतो.

कुशीतली कव्हरे, पुशरॉडची किंवा पंपाची, यांना हेच लागू. इथे बऱ्याचदा कागदी पॅकिंग असते आणि ते गावात हाताने कापले जाते. कसबी मिस्त्रीचा हात बघण्यासारखा असतो. तो कागद कव्हरवर पसरतो, गोल डोक्याच्या हातोडीने एका भोकावर हळू ठोकून भोक पाडतो, तिथे बोल्ट खोचून कागद हलू देत नाही, मग समोरचे भोक, मग कडेने टकटक करत जातो. लोखंडाची धारच कागद कापत जाते आणि पाच-सात मिनिटांत मापाचे पॅकिंग हातात येते. फक्त ऑईलच्या वाटेचे छोटे भोक पाडायला विसरता कामा नये. ते राहिले तर पॅकिंग गळत नाही, पण पुढच्या भागाला ऑईलच पोचत नाही.

ऑईल फिल्टरची गळती बसवतानाच्या घाईची. जुन्या ट्रॅक्टरात वाटी आणि आत बदलायचे एलिमेंट असते. वरच्या खाचेत जुनी रबरी रिंग चिकटून राहते, दिसत नाही, तिच्यावर नवी बसवली जाते आणि दोन रिंगांवर वाटी तिरकी बसते. इथला दाब मोठा असल्याने ऑईल ठिबकत नाही, उडते, आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा होऊ शकतो. टोकदार सळीने जुनी रिंग काढल्याशिवाय नवी लावू नये. वाटीच्या मधल्या बोल्टचा आणि ऑईलच्या नळ्यांच्या टोकांचा तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो. नवा नसेल तर जुना लालबुंद तापवून पाण्यात टाकावा, तांबे पुन्हा मऊ होते. लोखंडाला अशाने कडकपणा येतो, तांब्याचे उलट. ऑईल प्रेशरच्या घड्याळाकडे जाणारी बारीक नळीही तपासावी. तिला हादऱ्याने केसाएवढी चीर पडते आणि फवारा थेट गरम सायलेन्सरच्या बुडाशी जातो. धानाच्या पुंजण्याजवळ ट्रॅक्टर चालणार असेल तर ही गळती आधी बंद करावी, बाकी सगळ्या नंतर.

पुढचे सील क्रँकच्या पुलीमागे असते. चिखलणीत पंख्याच्या वाऱ्यासोबत उडालेला गढूळ पाण्याचा फवारा इथे बसतो आणि रेतीचे कण सीलच्या ओठाखाली जाऊन पुलीच्या गळ्यावर खाच पाडतात. नखाने जाणवेल अशी खाच असेल तर नवे सीलही त्या खाचेवरच बसते आणि गळते. दोन उपाय आहेत. सील पहिल्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणायचा, किंवा पुलीच्या गळ्यावर पातळ स्लीव्ह चढवायची. खराद्याकडून पुली घासून आणणे हा तिसरा उपाय लोक करतात. त्याने गळा बारीक होतो आणि ओठाची पकड सैल पडते, म्हणून तो मला पटत नाही. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. ते लिहून नेले तर एचएमटीसारख्या बंद पडलेल्या ट्रॅक्टरचे सीलही बेअरिंगच्या दुकानात मिळू शकते. कंपनीच्याच डब्याचा हट्ट नको. चिखलात चालणाऱ्या गाडीला धूळ अडवणारा दुसरा ओठ असलेले सील घ्यावे आणि दोन ओठांच्या मधे ग्रीस भरावे. स्प्रिंगची बाजू ऑईलकडे. पुली सरकवताना चावीच्या खाचेची धार ओठ कापते, म्हणून खाचेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे. एवढे सगळे करण्याआधी पुली धरून वरखाली हलवून बघावी. ती डुगडुगत असेल तर मेन बेअरिंग गेले आहे आणि कोणतेही सील टिकणार नाही.

चेंबरची गोष्ट ट्रॅक्टरात मोटारीपेक्षा वेगळी. ट्रॅक्टरला चॅसी नसते. इंजिनाचा ब्लॉक, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स हाच त्याचा कणा, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत बिडाचा चेंबरही पुढच्या एक्सलचा भार पेलायला हात लावतो. धुऱ्यावरून केजव्हीलचा ट्रॅक्टर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरतो तेव्हा सगळा कणा पिळतो. बोल्ट सैल पडतात, पॅकिंग घासले जाते. म्हणून प्रत्येक हंगामाआधी चेंबरचे आणि पुढच्या सपोर्टचे बोल्ट तपासावेत. पॅकिंग बदलायचेच असेल तर पुढचा भाग पक्क्या टेकूवर उचलूनच. जॅकच्या भरवशावर खाली शिरलेले लोक चिरडून मेलेले आहेत. ड्रेन नटच्या आट्या गेल्या असतील तर दोरा किंवा टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. एक माप मोठी आटी कापून घ्यावी.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती ते मागचे सील. इंजिन आणि क्लच हाउसिंग जोडते तिथे खाली एक भोक असते, काही ट्रॅक्टरांत त्यात सैल स्प्लिट पिन लटकते. पिन हलत राहते आणि भोक बुजू देत नाही. इथून ठिबकणारे ऑईल दोन ठिकाणचे असू शकते. काळे, पातळ, धुराचा वास असलेले असेल तर इंजिनाचे. पिवळट, जाड आणि उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून आलेले. बोटावर घेऊन पांढऱ्या कागदावर टेकवले की फरक कळतो. इंजिनाचेच असले तरी मागचे मेन सील शेवटचा आरोपी. त्याआधी हेडच्या मागच्या कोपऱ्यातून रॉकरकडे जाणाऱ्या ऑईलची गळती, कॅमशाफ्टच्या मागची चकती, ऑईल गॅलरीचा प्लग आणि फ्लायव्हीलचे बोल्ट यांना तपासून सोडावे लागते. यातली हेडची गळती ट्रॅक्टर न फोडता बंद होते.

धानपट्ट्यात या भोकाची आणखी एक भानगड आहे आणि ती मी फारशी कुठे लिहिलेली पाहिली नाही. चिखलणीत भोकातून पाणी क्लचमध्ये शिरू नये म्हणून अनेक ट्रॅक्टरांच्या माहितीपुस्तिकेत तिथे प्लग लावायला सांगितलेले असते, आणि चिखलणी संपली की काढायलाही. लावताना सगळे लावतात, प्लग हरवला असेल तर चिंधी किंवा साबण कोंबतात. काढायचे राहून जाते. मग जो थेंब बाहेर पडून निरुपद्रवी ठरला असता तो आतच साठतो, फ्लायव्हील तो उडवते, क्लच प्लेट तेलकट होते आणि ट्रॉलीला चढावर क्लच घसरू लागतो. गळती बंद झाली म्हणून मालक मात्र खुशीत. रोवणी आटोपली की पहिले काम हा प्लग काढण्याचे.

मागचे सील खरोखरच गेले असेल तर ट्रॅक्टर मधून फोडण्याला इलाज नाही. एकदा फोडला की तीन गोष्टी त्याच वेळी बदलाव्यात: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील, क्लचचे रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग. क्लच प्लेट झिजली असेल तर तीही. पार्टाचे पैसे मजुरीपेक्षा कमीच जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा फोडायची वेळ येत नाही. दोरीचे सील असेल तर कसब लागते. दोरी आधी ऑईलमध्ये भिजवायची, खाचेत मधून सुरुवात करून गुळगुळीत गोल दांड्याने दाबत टोकांकडे जायचे, आणि टोके काठाच्या सपाट न कापता जराशी वर ठेवायची. पर्किन्स घराण्याच्या इंजिनांसाठी ही उंची साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर. दोन अर्धे जुळले की ती टोके एकमेकांवर दाबून सांधा बंद करतात. टोके जास्त ठेवली तर दोरी सांध्यात चिमटते, कमी ठेवली तर तिथूनच गळते. अगदी जुन्या दोऱ्या आणि पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ते कोरडे खरवडून भुकटी उडवू नये, ओले करून काढावे. दोरीचे सील नवे असतानाही पूर्ण कोरडे नसते. उतारावर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरखाली सकाळी दोन-चार थेंब दिसले तर ते त्याच्या स्वभावातच आहे.

एक गळती उलट्या दिशेची असते आणि सर्वांत घातक. काडीवर, म्हणजे डिपस्टिकवर, ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते. फीड पंपाचा पडदा फाटला किंवा डिझेल पंपाचे सील गेले की डिझेल चेंबरमध्ये उतरते. ऑईल पातळ होते, काडीचा डिझेलसारखा वास येतो, आणि पातळ झालेले ऑईल कालपर्यंत शाबूत असलेल्या सांध्यांतूनही पाझरू लागते. इथे पॅकिंग बदलणारा बेअरिंग गमावतो. काडी दुधाळ दिसली तर पाणी मिसळले. दोन्हींत ट्रॅक्टर तिथेच बंद. आणि काडी आपल्याच इंजिनाची आहे ना, तेही पाहून घ्यावे. जुन्या गाड्यांत दुसऱ्या मॉडेलची काडी खोचलेली सर्रास आढळते, तिच्या खुणेवर भरलेले ऑईल लिटरभर जास्त होते आणि जास्तीचे ऑईल बाहेरचीच वाट धरते.

डब्यातल्या औषधांबद्दल. सिलिकॉन, मग ते अनाबॉन्ड असो की दुसरे, वाईट नाही, वापर वाईट आहे. बोटभर जाड पट्टी ओढली की अर्धी बाहेर फुगते आणि अर्धी आत. आतली तुटून ऑईल पंपाच्या जाळीत अडकते, आणि थेंब वाचवायला गेलेला क्रँक घालवून बसतो. पातळ थर, कोरडी स्वच्छ जागा आणि इंजिन चालू करण्याआधी सुकायला वेळ, एवढे पाळले तर चालते. एमसीलसारखे लुगदीचे सिमेंट तेलकट बिडावर धरत नाही. चिरलेला चेंबर पूर्ण निपटून लावले तर तात्पुरते काम भागते. ऑईलमध्ये ओतायची गळतीरोधक औषधे रबर फुगवतात, त्यामुळे कडक झालेल्या सीलला काही दिवस आराम पडतो. कॉर्क, कागद आणि दोरीवर त्यांचा उपयोग नाही. इंजिनात नव्वद नंबरचे गिअर ऑईल मिसळणे हा उपाय नव्हेच. थंडीच्या सकाळी ते पंपातून वर चढत नाही आणि रॉकर कोरडे घासतात. पुस्तिकेत सांगितलेला ग्रेड सोडू नये. विदर्भातल्या उन्हाळ्यात पंधरा-चाळीस ऐवजी वीस-चाळीस किंवा वीस-पन्नास वापरणारे लोक आहेत. गळती त्याने थोडी मंदावते, थांबत नाही.

आंधळगावकरांसाठी एक गंमत. लायकमिंगसारख्या विमानाच्या पिस्टन इंजिनात क्रँककेसच्या दोन अर्ध्यांमध्ये जाड पॅकिंग नसते, न सुकणाऱ्या लेपावर रेशमाचा बारीक धागा पसरून ते घट्ट करतात. टसरच्या गावात पॅकिंगसाठी नागपूरला माणूस पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मात्र ती पद्धत घोटून सपाट केलेल्या धातूसाठी आहे, खडबडीत चेंबरसाठी नव्हे.

मग करायचे की चालवून घ्यायचे? हिशोब सोपा आहे. ऑईलचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल तर तासाला १८ मिलिलिटर आणि ऑईल बदलायच्या २५० तासांत साडेचार लिटर, म्हणजे तीन सिलिंडरच्या लहान ट्रॅक्टरच्या चेंबरातले निम्म्याहून जास्त. एवढ्यावर दुरुस्ती परवडते. मिनिटाला एक थेंब असेल तर तेवढ्याच तासांत पाऊण लिटर. त्यासाठी ट्रॅक्टर फोडू नये, काडी रोज बघावी आणि दुसऱ्या कारणाने फोडायची वेळ येईल तेव्हा सील बदलावे. याला तीन अपवाद: क्लच घसरणे, सायलेन्सरवर ऑईल जाणे आणि प्रेशरच्या नळीची गळती. तिथे थेंब मोजत बसू नये.

मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत नव्या ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात, त्यात चिखलात सील किती टिकतात हेही पाहतात. जुन्या ट्रॅक्टरची अशी चाचणी घेणारे कुणी नाही, ती मालकालाच घ्यावी लागते. निघालेले जळके ऑईल डबक्यात किंवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवे. डब्यात साठवून गोळा करणाऱ्याला द्यावे. उघड्या हातांनी रोज हाताळणेही कातडीला बरे नाही.

उन्हाळी धान निघाल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत चांगले. मिस्त्री मोकळे असतात, ट्रॅक्टर कोरडा असतो. आणि कुणी "मागचं सील गेलं, फोडावा लागेल" म्हणाले तर होकार देण्याआधी विचारा: गाडी धुऊन बघितली का, आणि ब्रीदर काढला का?